माईचा घेर

टाचणीच्या सासूनं टाचणीला माईच्या परकरात शिवून टाकलंय, असं गावात बोललं जायचं. मोठ्यानं नव्हे. रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या पायऱ्या उतरताना, डोक्यावरचा रुमाल सोडता सोडता, शेजारणीच्या कानाला लागून. सगळ्यात आधी कोण बोललं ते शोधायला जाऊ नये. पाववाली म्हणायची, मला दूधवाल्यानं सांगितलं. दूधवाला म्हणायचा, मला पाववालीनं. अफवेच्या बापाचं नाव विचारलं की सगळेच हात वर करतात.

बोलणाऱ्यांकडे पुरावाही होता. छोटी पिशवी घेऊन टाचणी कुठं गेली तर ठरल्या दिवशी परत यायची. पण पेटी घेऊन ती आयुष्यात दोनदा बसमध्ये बसली आणि दोन्ही वेळा बस सुटायच्या आधी उतरली. तिकीट काढलेलं, खिडकीची जागा मिळालेली, आणि कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला की ही उठून उभी, "अहो, थांबा थांबा!" पाववालीचं दुकान बसथांब्यासमोरच. तिनं दोन्ही वेळा पाहिलेलं. "पाय असे ओढत उतरली," ती सांगायची, "खुंट्याची शेळी दोरी संपली की मागं येते ना, अगदी तशी!"

आता ही टाचणी कोण, तर चर्चमागच्या गल्लीतल्या तिसऱ्या घरातली शिंपीण. वय अठ्ठावन्न. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीखाली पायमशीन, त्याच्या उजव्या हाताला नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं टेबल. नवरा घड्याळवाला, आणि गावात सगळीकडे सगळ्यात उशिरा पोचणारा माणूसही तोच. बायकोच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात दिवसभर डझनभर टाचण्या, म्हणून हे नाव पडलं. नावापेक्षा तिचा फायदा मोठा होता. कुणी अडचणीचं विचारलं की ती ओठ न उघडता नुसतं "म्मं" म्हणायची. त्याचा अर्थ हो घ्या, नाही घ्या, नाहीतर तुमच्या आईला विचारा, काहीही घ्या. घड्याळवाला पाहुण्यांना सांगायचा, "एकोणचाळीस वर्षं संसार झाला. त्यातली तीस वर्षं हिच्या तोंडात टाचण्या होत्या. टिकला तो त्यामुळेच."

शिवणकामाबरोबर या घराकडे आणखी एक काम होतं, नवऱ्याच्या पणजीपासून चालत आलेलं. चर्चमध्ये मुख्य वेदीच्या उजव्या बाजूला माईची, म्हणजे पवित्र मरियेची, पुरुषभर उंचीची मूर्ती आहे. चेहरा आणि हात कोरीव, रंगवलेले, इतके जिवंत की लहान मुलं तिच्यासमोर नाकात बोट घालत नाहीत. बाकी सगळं कपड्यांत. आत परकर, वर झगा, त्यावर शाल. वर्षातून चारदा कपडे बदलतात. पांढरे, जांभळे, तांबडे, हिरवे. त्या शनिवारी सकाळी माईसमोर पडदा ओढतात आणि आत फक्त शिंपीण. फादरसुद्धा नाही. कारण विचारलं तर उत्तर तयार, "देवाची आई झाली तरी बाईमाणूस आहे. कपडे बदलताना पुरुषानं समोर उभं राहू नये." या उत्तरावर आजवर एकाही फादरला प्रतिप्रश्न सुचलेला नव्हता.

खरं कारण वेगळं होतं. गावातल्या सगळ्या बायकांना ते माहीत होतं आणि पुरुषांना माहीत नव्हतं, म्हणजे माहीत होतं पण कुणी विचारलेलं नव्हतं.

गावात क्रूस यायच्या कितीतरी आधीपासून, आज जिथं चर्चचं अंगण आहे तिथं एक झाड होतं. पोर आजारी पडलं, नवरा वाट चुकला, गाय आटली, की बाई त्या माणसाच्या (किंवा गायीच्या) अंगावरच्या कापडाची पट्टी फाडून झाडाला बांधायची. पुढं गाव ख्रिस्ती झालं, चर्च उभं राहिलं, घंटा आली. बायका मिस्सेला जाऊ लागल्या, गुडघे टेकू लागल्या, आणि घरी जाताना झाडाला गाठ मारू लागल्या. दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं, म्हणत. मग एक कडक फादर आले. त्यांनी झाड मुळासकट तोडलं, पट्ट्या जाळल्या, आणि गावाचं मन वळावं म्हणून सुताराला माईची मोठी मूर्ती करायला सांगितली. सुतारानं चेहऱ्याला आणि हातांना उत्तम लाकूड वापरलं. धड कपड्यात झाकायचंच होतं. सुताराच्या बायकोनं त्याला दोन दिवस उपाशी ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी त्यानं धड म्हणून त्या झाडाचंच खोड बसवलं, सालीसकट. पहिला परकर घड्याळवाल्याच्या पणजीनं शिवला. पहिल्याच आठवड्यात तिच्या मशीनवर प्रार्थनेच्या पुस्तकात घडी घालून अकरा पट्ट्या आल्या.

म्हणजे झाड तेच राहिलं. फक्त झगा घालून छपराखाली आलं. पावसात भिजायचं वाचलं, आणि फादर स्वतः येऊन धूप दाखवू लागले.

पट्ट्या परकराच्या आतल्या बाजूला, खोडाकडे तोंड करून लावायच्या, प्रत्येकीला सात टाके. मागणं पुरं झालं की देणारीनं येऊन सांगायचं, मग शिंपिणीनं पट्टी उसवून चुलीत घालायची. देणारीनं मागितल्याशिवाय कायमची उसवायची नाही; इस्त्रीला काढली तर त्याच दिवशी परत लावायची. कुणाची पट्टी, कशासाठी, हे शिंपिणीनं मरेपर्यंत बोलायचं नाही. टाचणीला त्यामुळे गावातलं असं काय काय माहीत होतं की पाववालीनं ऐकलं असतं तर भट्टी विझेपर्यंत बोलत बसली असती. कोणत्या नवऱ्याच्या बाहीची पट्टी दोन वेगवेगळ्या घरांतून आली होती, हेसुद्धा.

आणि शिंपिणीसाठी दोन नियम. एक, गावाबाहेर सलग तीन रात्रींपेक्षा जास्त राहायचं नाही. दुसरा, माईच्या परकराला जी कात्री लावते ती तेव्हापासून शिंपीण, पुढची कुणी कात्री लावेपर्यंत. शिंपिणीची स्वतःची पट्टी परकरात असेल तर ती तिला उसवता येत नाही. ती पुढचीनंच उसवायची.

हे सगळं टाचणी मानत होती का? तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण सासूचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. सासू वडिलांच्या मातीला गेली, नदीला पूर आला, रस्ता बंद झाला आणि ती पाचव्या दिवशी परतली. त्याच आठवड्यात धोब्याचा मुलगा बुडाला. सासूला कुणी चकार शब्द बोललं नाही. फक्त पुढचं वर्षभर ती पाव घ्यायला उभी राहिली की तिच्यापुढची बाई एक पाऊल पुढं सरकायची आणि मागची एक पाऊल मागं.

टाचणीच्या हातात मात्र कला होती. सव्वीस वर्षांची असताना एक फिरती नाटक कंपनी गावात आली. मालकानं माईचा तांबडा झगा पाहिला आणि विचारत विचारत घरी आला. म्हणाला, "बाई, राजाराणीचे पोशाख शिवायचेत. चला आमच्याबरोबर. नवऱ्यालाही घ्या, घड्याळं काय, कुठंही बंद पडतात." तेव्हा शिंपीण सासूच होती, टाचणी नुसती हाताखाली. तिला तीन रात्रींचा नियम नव्हता.

सासू शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जायचं तर जा. अडवत नाही. जायच्या आधी माझ्याकडे काही मागायचंय का?"

"म्मं," टाचणी म्हणाली.

"टाचण्या काढून बोल."

तिनं काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन बसमध्ये बसली आणि उतरली. नवरा नेहमीप्रमाणे उशिरा थांब्यावर पोचला, तर बायको परत निघालेली. त्यानं पेटी उचलली, एवढंच. चार वर्षांनी सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि माईच्या परकराला कात्री टाचणीनं लावली.

सासू गेली तेव्हा शेवटच्या तापात बडबडत होती आणि शेजारी नेमकी पाववाली बसलेली. नशीब म्हणतात ते हे. "सुनेची निळी पट्टी," सासू म्हणाली, "खोडाला लागून आहे. हात लावू नका." झालं! पुढचं शिवायला गावाला मशीनसुद्धा लागलं नाही. सासूनं सून पळू नये म्हणून बांधली! टाचणीच्या कानावर आलं तेव्हा ती एका नवरीच्या बाहीला टाचण्या लावत होती. "म्मं," म्हणाली.

तिची एकुलती एक मुलगी अठराव्या वर्षीच गाव सोडून गेली, बंदराच्या शहरात. तिथं स्वतःचं शिवणाचं दुकान काढलं, सहा मशीन. त्या वेळी टाचणी दुसऱ्यांदा पेटी घेऊन बसमध्ये बसली होती. मुलीच्या लग्नाला ती छोटी पिशवी घेऊन गेली. जायला एक रात्र, यायला एक रात्र, मधली एक रात्र लेकीकडे. त्यातली अर्धी वऱ्हाडाच्या खुर्च्या मोजण्यात गेली.

आणि आता सदतिसाव्या वर्षी मुलीला दिवस गेले होते. डॉक्टरांनी सहाव्या महिन्यापासून पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. फोन आला.

"आई, तीन महिने ये."

"तीन रात्री येते."

"आई, मी बाळंत होणार आहे, नाटक बघायला बोलवत नाहीये! सासूबाई गुडघ्यांनी बेजार. यांनी दुकान सांभाळायचं की मला? रात्रीबेरात्री काही झालं तर मी कुणाला हाक मारू? माईला?"

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून पिनकुशीत खोचल्या. मग म्हणाली, "बघते."

आणि खरंच बघितलं. नणंदेच्या दोन मुलींना विचारलं. मोठी म्हणाली, "मामी, मला बटण लावता येत नाही." धाकटी म्हणाली, "येतं, पण सांगू नका कुणाला." दुसरं कुणी घराण्यात नव्हतं. न सांगता निघून जावं, तर परकरात दोनशे अकरा पट्ट्या. दोनशे अकरा घरांपैकी एकातही तीन महिन्यांत कुणी शिंकणार नाही? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायला जागा पायमशीनच्या पट्टीएवढी.

पण गावात नवे फादर येऊन वर्ष झालं होतं. तरुण, खूप शिकलेले, चालताना हात मागं बांधणारे. त्यांनी आल्या आल्या लग्नात उंबऱ्यावर मीठ टाकणं बंद केलं. बाप्तिस्म्याआधी बाळाला विस्तवावरून ओवाळणं बंद केलं. वेदीमागं कुणीतरी ठेवलेलं वाटीभर दूध त्यांनी स्वतः मांजरीला पाजलं. टाचणीच्या मनात आलं, यांना जर कळलं, तर हे एका दिवसात सगळं बंद करतील. परकर जाईल, पट्ट्या जातील, नियम जातील. दोष फादरांचा. आणि आपण मोकळ्या. सुंठीवाचून खोकला गेला.

पण सांगणार कसं? बाईनं पुरुषाकडे हे बोलायचं नाही, हा तर गावाचा नियम. मग तिनं शिवणातून सांगायचं ठरवलं.

आजवर पट्ट्या ती इस्त्री करून, एकीवर एक पातळ बसवून, अशा शिवायची की माई वेलीसारखी सडसडीत दिसावी. आता तिनं इस्त्री थांबवली. पट्ट्या चुरगळून लावल्या, चुण्या तशाच ठेवल्या, झग्याची कंबर मात्र नेहमीच्या मापाची. जांभळ्या झग्यात माई जरा भरल्यासारखी वाटली. तांबड्यात तर ऐन कमरेला फुगली.

गावाच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागतो?

"माईनं अंग धरलंय गं," एक म्हणाली.

"माझे पाव खाऊन," पाववाली म्हणाली. मग मशीनवर वाकून हळूच, "अगं ए, काय चाललंय तुझं? सपाट कर तो परकर. फादरना दिसेल की!"

"म्मं."

"हे म्मं तुझ्या नवऱ्याला. माझ्या धाकट्याची पट्टी आहे आत, विसरू नकोस."

फादरना दिसलंच. एके दिवशी दुपारी ते दारात उभे राहिले. घड्याळवाल्यानं भिंग डोळ्याला तसंच ठेवून त्यांना खुर्ची दिली.

"बाई," फादर म्हणाले, "माईच्या कमरेचं माप काय?"

"का फादर? काही शिवायचंय?"

"एका वर्षात मूर्ती जाड होत नसते."

"लाकूड फुगतं हो. हवा दमट."

"उन्हाळा आहे." फादरनी हात मागं बांधले. "येत्या शनिवारी कपडे बदलाल तेव्हा मी पडद्याच्या आत येणार."

"अगंबाई! पुरुषानं आत यायचं नाही."

"मी फादर आहे."

"म्हणजे पुरुष नाही का?"

घड्याळवाल्याच्या डोळ्यावरचं भिंग टेबलावर पडलं. फादर लाल झाले, पण मागं हटले नाहीत. टाचणीनं आणखी दोनदा नाही म्हटलं, पाहुण्यानं जेवणाच्या आग्रहाला म्हणावं इतपत, आणि मग मान डोलावली. फादर गेल्यावर तिनं पलंगाखालून पेटी ओढली. सहा जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून तळाशी ठेवलेली होती, त्यावर आपले कपडे घातले. मुलीला फोन केला, "शनिवारी संध्याकाळच्या बसनं निघते."

"किती रात्री?"

"पेटी घेऊन येतेय," टाचणी म्हणाली.

शनिवारी सकाळी पडदा ओढला. आत टाचणी, फादर आणि माई. बाहेर पहिल्या बाकावर पाववाली जपमाळ घेऊन बसलेली. मणी एकाच जागी, कान दुसऱ्या जागी. टाचणीनं शाल उतरवली, झगा सोडला. मग परकराची नाडी ढिली करून तो एका बाजूनं उलटा केला.

दोनशे अकरा पट्ट्या. शर्टाच्या, झबल्यांच्या, पायमोज्यांच्या, रुग्णालयाच्या चादरीची एक, गायीच्या झुलीची एक. आणि त्यामागं काळं, खरबरीत सालीचं खोड.

फादरनी एक बोट पुढं करून सालीवर टेकवलं.

"हे... झाड आहे?"

"हो."

"आणि मी रोज याला..."

"धूप दाखवता," टाचणी म्हणाली.

"सगळं उसवायला हवं. आजच. कात्री द्या."

तिनं कात्री पुढं केली. एकोणचाळीस वर्षांत इतका आनंद झाल्याचं तिला आठवत नव्हतं. कात्री लावली की फादरच शिंपीण! ते काय पट्ट्या शिवणार? ते सगळं जाळणार, आणि संध्याकाळची बस सव्वापाचची.

फादरनी परकराची कड डाव्या हातात धरली, पहिली हाताला आली ती पट्टी पकडली, कात्री उघडली. आणि थांबले.

पांढऱ्या बनियनची पट्टी होती. कोपऱ्यात तांबड्या दोऱ्यानं सत्तेचाळीस आकडा भरलेला. पुरोहितांच्या विद्यालयात सगळ्यांचे कपडे एकत्र धुवायला जात, म्हणून प्रत्येकाच्या कपड्यावर आकडा असे. हा आकडा घरी बसून त्यांच्या आईनं भरला होता. सत्तेचाळिसातला सात ती उलटा काढायची.

"ही कुणी दिली?"

"देणारीचं नाव सांगत नाहीत, फादर."

"आई गेल्या वर्षी दोन दिवस राहून गेली. ती तुमच्याकडं आली होती?"

"म्मं."

"कशासाठी दिली?"

"मागणंही सांगत नाहीत."

सांगायची गरजही नव्हती. दोन वर्षांपूर्वी फादरांच्या खोकल्यातून रक्त पडायचं. गेल्या वर्षापासून पडलेलं नव्हतं. त्यांनी खाकरायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच आवरलं. उघडी कात्री हातात तशीच. त्या एवढ्या शिकलेल्या माणसाच्या कपाळावर घाम फुटला.

"लावा की," टाचणी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "फादर, लावा कात्री. ती एक सोडा हवी तर. बाकीच्या उसवा."

"सोडायची तर सगळ्याच सोडायला हव्यात, बाई."

त्यांनी कात्री मिटली आणि माईच्या पायाशी ठेवली. मग पडद्याला हात घालून, मागं न वळता म्हणाले, "घेर कमी करा. लांबून दिसतो." आणि थोड्या वेळानं, "हे काम तुमच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला जमणार नाही. कुठं जाऊबिऊ नका."

त्या दिवशी टाचणीनं दोनशे दहा पट्ट्या उसवून, एकेक इस्त्री करून, पुन्हा सात सात टाक्यांनी शिवल्या. फक्त एकीला हात लावला नाही. अगदी आतली, खोडाला चिकटलेली, एकेकाळी निळी असलेली. संध्याकाळी माई सडसडीत झाली. सव्वापाचच्या बसला पाववालीनं पाहिलं, टाचणी या वेळी उतरलीसुद्धा नाही, कारण चढलीच नव्हती.

बाळ नऊ दिवस आधी झालं. टाचणी छोटी पिशवी आणि सहा दुपटी घेऊन पोचली तेव्हा ते पाच दिवसांचं होतं. एक रात्र मांडीवर घेऊन बसली आणि परतली.

चार महिन्यांनी मुलगीच आली, बाळ खांद्यावर टाकून. कपडे बदलायच्या शनिवारी गाठून आली. फोनवर थोडं थोडं करून तिनं आईकडून त्या शनिवारचं सगळं काढून घेतलं होतं, आणि उरलेलं थांब्यावर उतरल्या उतरल्या पाववालीनं पुरवलं होतं.

"ओढ पडदा," ती म्हणाली. "मी आत येते."

"बाळ?"

"बाळ बाबांकडे. घड्याळं दाखवतायत त्याला."

आत गेल्यावर तिनं परकर उलटा केला, पट्ट्या बाजूला सारत हात खोल घातला आणि निळी पट्टी शोधून काढली. "हीच ना? आजीनं तुला असं बांधून ठेवलं, आई! माणूस आहे की पिशवी? सात टाके आहेत नुसते. मी उसवते. दोन मिनिटांचं काम, आणि उद्या तू माझ्याबरोबर बसमध्ये."

तिनं कात्री उचलली. शिंपिणीचीच मुलगी, बोटं अचूक पहिल्या टाक्यावर गेली.

टाचणीनं तोंडातल्या सगळ्या टाचण्या एकदम तळहातावर थुंकल्या. दोन खाली पडल्या. "ठेव ती."

"का?"

"कात्री लावलीस की तू इथली. मी जाईन, तू राहशील. तुझी सहा मशीन, तुझा नवरा तिकडे, आणि तुला तीन रात्री."

"मी मानत नाही हे काही."

"मीही मानत नव्हते. तू नको मानू. पण बाहेर बसलीये ना ती, पाववाली, ती मानते. तिच्या धाकट्याला ताप आला तर ती तुझ्या दारात येईल. तुझ्या पोराला ताप आला की तू स्वतः मानशील." तिनं मुलीच्या हातातून कात्री काढून घेतली, हळूच, झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढावं तशी. "फादर नाही उसवू शकले."

मुलगी रडायला लागली. "मग आजीनं का केलं असं तुला? कुणी सुनेला असं करतं का?"

"आजीला बोल लावू नकोस. धर ही कड. सरळ धर, घेर वाकडा येतो."

दोघींनी मिळून माईला हिरवा झगा घातला. मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. टाचणीनं बाळाला बसमध्ये खिडकीतून आत दिलं आणि चर्चमागच्या गल्लीत परतली. एका घराची पट्टी मशीनवर येऊन पडलेली होती.

ती निळी पट्टी सासूनं स्वतःच्या मनानं लावलेली नव्हती. टाचणीचं माहेर सावत्र आईचं होतं, खाणारी तोंडं अकरा, आणि सासरचे आपल्याला परत पाठवतील या भीतीनं लग्नानंतर तिला झोप यायची नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यात तिनं आपल्याच पोलक्याची पट्टी फाडून सासूच्या हातात दिली आणि मागणं मागितलं की या गावातून मला कुणी बाहेर काढू नये. सव्विसाव्या वर्षी ती परत मागायची तिला लाज वाटली. सासूनं फक्त सात टाके घातले होते.